भयाचं सत्र

“नाव घ्या त्याचं! नाव घेतल्याशिवाय खाली बसायचं नाही,” दाते सर ओरडत होते. त्यांच्या आवाजानं पत्र्याखालची कबुतरं उडाली आणि वर्षानुवर्षं तुळयांवर साचलेला कापसाचा भुरका आमच्या डोक्यांवर सावकाश उतरू लागला.

उभा होता विष्णू. दुसऱ्या बाकावर, माझ्या शेजारी. पोळ्याला बुजलेला बैल शिंगं धरून जागच्या जागी वळवणारा हा गडी. ऐन मार्गशीर्षात त्याच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती.

“सर, ते… मोठं जनावर.”

“मोठं म्हणजे? हत्ती?”

“हत्ती नाही जी. पट्टे असते त्याले.”

“म्हणजे वाघ. म्हणा, वाघ.”

“आता तुम्ही म्हणलं ना सर. झालं ना मंग.”

चिखलीची पोरं बाकं बडवून हसली. आम्ही सातपुड्याच्या पायथ्याकडची पोरं हसलो नाही. आम्ही दाराकडे पाहिलं.

कारण आमच्याकडे नाव घेतलं की येते. माझ्या आज्याच्या तोंडून एकदा चुकून ते नाव निघालं, तर तो जेवणाच्या वक्ताला दारात हजर. चुलीपाशी बसला, झुणक्यात मीठ कमी म्हणून तोंड वाकडं केलं आणि निघून गेला. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण मी पाहिलंय.

परवा एका लग्नासाठी चिखलीला गेलो. पत्रिकेवर मंगल कार्यालयाचं नाव वाचून काही कळलं नाही, पण फाटकातून आत शिरलो आणि पाय थबकले. तेच आमचं शेड. त्यातलं कापसाचं जिनिंग बंद पडल्यावर नव्या कॉलेजला वर्गासाठी दिलेलं. आता भिंतींना गुलाबी रंग, पत्र्याखाली झालरी, आणि जिथं फळा होता तिथं नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्या. अत्तर, बासुंदी, जनरेटरचा धूर, सगळं नाकात शिरलं. पण त्या सगळ्याच्या तळाशी, कोपऱ्यात, अजून सरकीचा वास होता. ओलसर, तेलकट, उबट. वासाला रंग देता येत नाही. ओसरीवर थंड पाण्याचे निळे प्लास्टिकचे जार ओळीनं मांडले होते. एका पोरीनं ग्लास भरून माझ्यापुढे धरला आणि माझ्या तोंडून, या वयात, आपोआप निघालं, “नोको बाई, मले तहान नाही.”

महाराष्ट्र तेव्हा नवा होता, कॉलेज त्याहून नवं होतं आणि दाते सर तर पुण्याहून आल्यासारखे रोजच नवे दिसत. साहित्य शिकवायची त्यांची तऱ्हा जगावेगळी. हा कवी कधी जन्मला, तो कधी वारला, असलं काही नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना साहित्याच्या घरात न्यायचं तर पुढच्या दारानं नेऊ नये, असं ते म्हणत. एखादी खिडकी उघडावी आणि आत ढकलून द्यावं. म्हणून प्रत्येक सत्राला एकच विषय. फळ्याच्या माथ्यावर तो मोठ्या अक्षरात लिहायचा आणि सत्र संपेपर्यंत कुणी पुसायचा नाही. मग त्या एका शब्दाभोवती जात्यावरची ओवी यायची, तमाशातली लावणी यायची, इंग्रजी खलाशाची गोष्ट यायची, कुण्या राणीचं पत्र यायचं. शेजारचं चालू जिनिंग धडधडायचं, सरांचा आवाज त्यात बुडायचा आणि पुन्हा वर यायचा. आम्ही कान पुढे करून बसायचो. अर्धं साहित्य मी ऐकलं आणि अर्धं त्या धडधडीत स्वतःच रचून घेतलं. परीक्षेत रचलेल्यालाच जास्त गुण पडले.

पहिलं सत्र ‘पाणी’. श्रावणात सरांनी सगळा वर्ग बाजारामागच्या विहिरीवर नेला. पोहरा वर यायचा, एकेकानं ओंजळ धरायची, डोळे मिटून प्यायचं आणि चव एका वाक्यात सांगायची. माझी पाळी आली तेव्हा मी हात मागे बांधले.

“सर, मी उंटाच्या कुळातला. संग्रामपूरच्या मोटार स्टँडावर एकदा पेलो, आता दिवाळीपावतर काही लागत नाही.”

वर्ग खदखदला. त्या दिवसापासून मी उंट. सरांनीही हसून पुढच्या पोराला बोलावलं. विष्णू तेवढा हसला नाही. तो विहिरीत वाकून पाहत राहिला, जणू आत त्याचं काही पडलं होतं.

त्याला माहीत होतं. आमच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेऊन थोडीच वर्षं झाली होती. मेलेली ढोरं ओढणं आम्ही सोडलं, तेव्हा गावानं विहिरीची वाट आणि हंगामाचं काम दोन्ही एका सकाळी बंद केलं. मग विष्णूच्या बापानं माझ्या माय-बापाला आपल्या पऱ्हाटीत कापूस वेचायला पुन्हा बोलावलं. का बोलावलं ते कुणी विचारलं नाही. ते काम धाग्यावर लोंबत होतं आणि धागा मालकाच्या हातात होता. मालक हेच त्याचं नाव. खरं नाव गावात कुणी घेत नसे. आमच्या गावात दोघांचंच नाव घ्यायचं नाही असा रिवाज होता, एक जंगलातल्याचं आणि एक चौकातल्या मोठ्या घरातल्याचं.

विष्णू चिखलीला बहिणीच्या घरी राहायला आला आणि त्याच्याच गाडीनं मी, बाजारात हमाली करणाऱ्या मामाच्या खोलीवर. निघताना माय एस.टी.च्या खिडकीशी आली होती. लुगड्याच्या पदराला सोललेल्या शेंगांचा वास होता.

“मास्तर इचारन ते सांगजो बापा,” ती म्हणाली. “पन पान्याचं कोनी इचारलं तं तहान नाही म्हनजो. कोनाच्या भांड्याले हात लावू नोको. इथं कानावर आलं ना, तं आमचं हाय तेबी जाईन अन् तुले बी घरी याव लागन.”

गाडी सुटली. संग्रामपूर मागे पडल्यावर विष्णू आणि मी एका सीटवर बसून चिखलीला आलो. जाताना मात्र रिवाज वेगळा होता. सुटीत गावाकडे निघालो की खामगावपर्यंत आमच्या गप्पांनी ड्रायव्हर वैतागायचा, शेगावला आम्ही एकाच पुड्यातली भजी खायचो आणि संग्रामपूर आलं की मी उठून मागच्या सीटवर जायचो. त्यानं कधी जा म्हटलं नाही. मीही जातो म्हटलं नाही.

कॉलेजच्या ओसरीवर एक रांजण होता. तसा रांजण मी पुन्हा पाहिला नाही. अर्धा जमिनीत पुरलेला, पोट एवढं की त्यात बैलगाडी उलटी वळली असती, आणि खोल इतका की उन्हाळ्यात त्यातून पाताळातल्या लोकांचं बोलणं ऐकू यायचं. वर लाकडी झाकण, झाकणावर उपडा ठेवलेला जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, गिलास, त्याला बांधलेली लांब सुतळी. मधल्या सुटीत सगळी पोरं त्यावर तुटून पडायची. गिलासाचा ठणठणाट, ओल्या मातीचा वास, सदऱ्यांवर सांडलेलं पाणी. मी तेव्हा ओसरीच्या टोकाला, कापसाच्या फुटक्या गाठीवर बसून गोष्टी सांगायचो. घशाला कोरड पडली की गोष्ट आणखी मोठी व्हायची. हजेरीतलं माझं आडनाव ऐकून चिखलीच्या पोरांना काही कळत नव्हतं, की कळून ती गप्प होती, मला आजही सांगता येणार नाही. दुपारी मामाच्या खोलीवर पळत जायचो आणि खरंच उंटासारखा प्यायचो.

दिवाळीनंतर सरांनी ओल्या फडक्यानं ‘पाणी’ पुसलं आणि लिहिलं: ‘भय’.

या सत्राची अट अशी की वाचन नंतर. आधी प्रत्येकानं उभं राहून आपलं स्वतःचं भय वर्गात सांगायचं, नाव घेऊन. मला कशाचंच भय नाही म्हणेल त्याला त्या पेपराला बसता येणार नाही. “घाबरणं माहीत नसलेल्या माणसाला गोष्ट कळत नाही,” सर म्हणाले.

पोरांची गाळण उडाली. ज्यांच्या मिशा नुकत्या फुटल्या होत्या त्यांना भय कुठून असणार? ती सगळी संध्याकाळी माझ्याकडे आली. आणि मी दुकान मांडलं. चहा-भज्यावर एकेकाच्या मापाचं भय शिवून देऊ लागलो. पैनगंगेकडच्या पोराला डोहातल्या आसरा दिल्या, पाण्यातून पोहणाऱ्यांचे पाय मोजणाऱ्या. तेल्याच्या पोराला घाण्याचा बैल दिला, जो अमावास्येला माणसासारखा खोकतो. एकाला पिंपळावरचा मुंजा दिला, त्याला तो आवडला नाही, तर बदलून बाभळीवरची हडळ दिली. विष्णूला वाघ दिला, आमच्याच नाल्यातला, मित्र म्हणून फुकटात. नाव मात्र त्याचं त्यालाच घ्यायचं होतं, आणि तिथंच तो अडकला.

सरांनी नाव घेतलं तरी त्या दिवशी दार काही वाजलं नाही. विष्णूला सरांनी शेवटी बसवलं आणि ते वर्गावर नजर फिरवत राहिले. कापसाचा भुरका त्यांच्या चष्म्यावर बसला होता.

“या वर्गातली सगळी भयं एकाच शिंप्याची वाटतात,” ते म्हणाले. “टीप ओळखू येते.” मग थेट माझ्याकडे वळले. “उद्या शिंप्यानं बोलायचं. शिवलेलं नको. जे काढून दुसऱ्याला देता येत नाही, ते.”

मी माल शोधू लागलो. घरी जाताना, मामाच्या खोलीत, पांघरुणात. आसरा विकल्या होत्या. मुंजा गेला होता. हडळ गेली होती. जिल्ह्यातली सगळी भुतं मी भज्यांच्या भावात वाटून टाकली होती. आत पाहिलं तर एकच वस्तू उरली होती, आणि ती इतकी लहान होती की मलाच शरम वाटली. उपडा गिलास, आणि गिलासाला बांधलेली सुतळी. ती वस्तू विष्णूसमोर बाहेर काढायची म्हणजे धाग्याला कात्री लावायची. मामाला म्हटलं, उद्या तोंडी आहे. मामा पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखा भिंतीला टेकला. “तुले काय भेव? तुह्या तोंडात तं सतरा तोंडं हायेत.”

दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो. सगळी पोरं सरसावून बसली. उंट आता काय आणतो म्हणून. शेजारी विष्णूचं दप्तर होतं, त्याच्यावर त्याचा हात.

मी म्हटलं, “मले त्या रांजनाचं भेव लागते.”

हशा उसळला. मागून कुणीतरी ओरडलं, “काय निघते बे त्यातून, उंटा?”

“काही नाही निघत. पानी निघते.”

पोरं थांबली. पुढची पायरी यायची वाट पाहत थांबली. पाण्यातून हात येईल, हाताला डोळे असतील, असं काही. ते आलं नाही. मी तसाच उभा. हळूहळू एकेकाच्या तोंडावरचं हसू, दिव्यातलं तेल संपावं तसं, खाली बसत गेलं. शेजारचं जिनिंगही तेवढ्यात बंद पडलं, शपथेवर सांगतो. विष्णू स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत होता. दाते सर, जे सगळ्यांना नाव घ्या, नाव घ्या म्हणून ओरडत, त्यांनी मला काहीच विचारलं नाही. “बसा,” ते म्हणाले, आणि खडू उचलायला गेले तर तो हातातच होता.

नाव घेतलं की येते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळपासून कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. बैलांच्या घुंगरांनी रस्ता भरला होता, शेणाचा आणि वंगणाचा वास शेडात येत होता. मधल्या सुटीत पोरांनी मला ओसरीवर गाठलं. माझ्या वर्गातल्या त्या वाक्यापासून ती माझ्याशी जरा विचित्रच वागत होती. काही जास्त गोड, काही गप्प. एकानं रांजणाचं झाकण सरकवलं आणि गिलास माझ्या हातात कोंबला.

“पे. काय होते पाहू.”

त्याच्या बोलण्यात वाईटपणा होता की माया, ठाऊक नाही. मी गिलास धरून उभा. आणि तेवढ्यात पायऱ्यांवर वहाणांची करकर झाली. ती करकर मी झोपेतही ओळखली असती. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, भुवयांवर रस्त्याची धूळ. मालक खामगावपेक्षा चढा भाव ऐकून कापूस घेऊन आला होता आणि पोराला भेटायला कॉलेजवर आला होता. डोळ्यात धूळ गेल्यामुळे तो एका हातानं डोळे चोळत होता. कापसाच्या गाठीवर बसला, खोकला, आणि गिलास धरलेल्या पोराकडे दुसरा हात पुढे केला.

“पानी पाज रे बाबू.”

दारात विष्णू होता. दोन पावलं टाकून त्याला माझ्या हातातून गिलास घेता आला असता. त्याचा चेहरा वाघाच्या दिवसापेक्षा पांढरा झाला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो कुठल्याशा विहिरीच्या तळातून बोलला, “दे ना बे. आबाले तहान लागली.”

मी हात आत घातला. आत इतकं गार होतं की मनगट तुटून पडेल असं वाटलं. ओल्या मातीचा वास तोंडावर आला. गिलास बुडताना त्यानं डुबुक केलं, आणि तो आवाज संग्रामपूरपर्यंत गेला असणार याची मला खात्री आहे. मी पाणी दिलं. मालक प्यायला. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. रिकामा गिलास पुढे केला, मी पुन्हा भरला, पुन्हा प्यायला. मग उपरण्यानं डोळे पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं.

“कोनाचं पोरगं तू? पाह्यल्यासारखं वाटते.”

त्या वेळेला माझ्यापाशी किती खोटे बाप होते म्हणून सांगू. मेहकरचा सोनार होता, मलकापूरचा स्टेशनमास्तर होता, थेट नागपूरचा वकील होता. सगळे रांगेत उभे राहून मला घे, मला घे म्हणत होते. वर्गाच्या दारात दाते सर येऊन थांबले होते. माझ्या ओल्या मनगटावरून पाण्याचे थेंब कोपराकडे चालले होते.

“किसनाचा जी,” मी म्हटलं. “आपल्याच गावचा.”

गिलासात घोटभर पाणी उरलं होतं. मालकानं त्याच्याकडे पाहिलं. आसपास पोरं होती, सर होते, विष्णू होता. सगळे त्या घोटाकडे पाहत होते. त्यानं तो संपवला नाही आणि फेकलाही नाही. गिलास गाठीवर अलगद ठेवला, मिशी पुसली आणि उठला. “चाल रे,” एवढंच विष्णूला म्हणाला. दोघं पायऱ्या उतरून गाड्यांच्या गर्दीत गेले. वहाणांची करकर घुंगरांत मिसळली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगायला माझी अतिशयोक्तीसुद्धा अपुरी आहे. दुसऱ्या दिवशी विष्णू आला नाही. त्याच्याही दुसऱ्या दिवशी नाही. खामगावची प्रत्येक एस.टी. मी स्टँडावर जाऊन पाहिली. प्रत्येक गाडीतून माझा बाप उतरत होता, डोक्यावर गाठोडं घेऊन, मागे माय; जवळ गेलो की ते दुसरेच कुणी असायचे. रात्री मामा घोरायचा आणि मला पऱ्हाटीतली माय दिसायची, ओटीत कापूस, कुणीतरी तिला बांधावरून हाक मारतंय. माझ्या शिवलेल्या भुतांपैकी एकही मला त्या दिवसांत आठवलं नाही. बिचारी कुठे गेली होती कुणास ठाऊक. घाबरून पळाली असतील.

लग्नात परवा जेवणं चालू असताना मी ओसरीवर जाऊन आलो. रांजणाच्या जागी आता फरशी आहे, अगदी सपाट. पायानं चाचपून पाहिलं, कुठं पोकळ लागतं का. लागलं नाही. मघाची पोरगी लांबून पाहत होती. मी परत तिच्यापाशी गेलो आणि म्हटलं, दे बाई आता.

सरांनी भयाचं सत्र ठरल्यापेक्षा आधीच आवरलं. त्या सकाळी ते ओल्या फडक्यानं फळा पुसत होते. ‘भय’ नीट जात नव्हतं, खडू खोल गेला होता. त्यावरच त्यांनी नवा शब्द लिहायला घेतला, ‘घर’. कबुतरं घुमत होती. शेजारचं जिनिंग धडधडू लागलं होतं. तेवढ्यात विष्णू आला, दप्तर ठेवलं आणि रोजच्या जागी माझ्या शेजारी बसला. त्याच्या सदऱ्याला गावाकडच्या धुराचा वास होता. म्हणजे तो बापाबरोबर गावी जाऊन आला होता.

मी फळ्याकडे पाहत, ओठ न हलवता विचारलं, “काय म्हनले आबा?”

विष्णूनं पेनाचं टोपण काढलं, निब वहीच्या कोपऱ्यावर टेकवून शाई येते का पाहिली.

“काही नाही. पानी थंडं होतं म्हने.”